पाचशे मीटरच्या पट्ट्यात सापडलेली परमिट रूम : पुणे, २०१७

पुण्यात नवख्या पाहुण्याला खाण्याची ठिकाणे सांगायची वेळ आली की यादी साधारण ठरलेली असते. डेक्कनवरच्या १९३५ सालापासूनच्या गुडलकचा बनमस्का आणि खिमा, कॅम्पातल्या १८७८ सालच्या दोराबजींची बिर्याणी, कयानीची श्रूजबेरी, नारायण पेठेतल्या बेडेकरांची मिसळ, आणि मग ज्याच्या त्याच्या पेठेचा अभिमान म्हणून एखादी खानावळ. या यादीत परमिट रूम सहसा नसते. वर्षानुवर्षे त्याच परमिट रूममध्ये, त्याच पंख्याखाली जेवणारा गृहस्थही पाहुण्यापुढे तिचे नाव काढत नाही, आणि काढलेच तर आवाज खाली करून काढतो. एरवी ही गोष्ट गमतीवारी नेता आली असती. पण १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगतच्या मद्यविक्रीला मनाई केली, तिचा फटका शहरातल्या वस्त्यांमधील परमिट रूमना बसला आणि या संकोचाची किंमत मोजावी लागली.

हे टिपण त्या निकालापासून त्याच न्यायालयाच्या २३ फेब्रुवारी २०१८ च्या खुलाशापर्यंतच्या सुमारे चौदा महिन्यांचे आहे. कोणा एका मालकाची कहाणी म्हणून ते वाचू नये. सातारा रस्ता, सोलापूर रस्ता, नगर रस्ता, नाशिक रस्ता आणि जुना मुंबई रस्ता या पुण्यातून बाहेर पडणाऱ्या वाटांच्या दोन्ही अंगांना ज्या घडणीच्या परमिट रूम आढळतात, ती घडण हेच येथे प्रकरण मानले आहे, आणि म्हणून कोणत्याही ठिकाणाचे नाव दिलेले नाही.

ठिकाण आणि त्याचे गणित

अशी जागा बाहेरून ओळखू येते ती काळ्या काचेवरून आणि ‘बार अँड रेस्टॉरंट’ या पाटीवरून. आत शिरताच काउंटर, त्यामागे बाटल्यांचे कपाट आणि कपाटाच्या वर लाल दिव्याखाली देवाची तसबीर. समोर साध्या हॉलमध्ये सनमायका लावलेली टेबले. काचेच्या दारापलीकडे एसी विभाग, जिथे तोच पेग आणि तेच जेवण थोडे महाग. आणि बाजूच्या जिन्याने वर ‘फॅमिली’. दुपारी इथे आसपासच्या गॅरेजमधील आणि दुकानांतील माणसे राइस प्लेट खाऊन जातात. सायंकाळी सातनंतर गिऱ्हाईक बदलते. मार्केट यार्डातला अडत्या, बँकेतला कारकून, विमा एजंट, निवृत्त मास्तर आणि नुकताच पगार झालेला फिटर एकाच छताखाली, बहुधा एकमेकांना पाठमोरे, बसतात. वेटर ‘काका, नेहमीचं?’ एवढेच विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता वळतो.

पेग येण्याआधी चखणा येतो, आणि तो फुकट असतो: काकडी आणि गाजराच्या चकत्या, उकडलेले हरभरे, फुटाणे, कुठे चकलीचे तुकडे. खरी ओळख मात्र त्यानंतरच्या बशीची. ज्या आचाऱ्याचा चना कोळीवाडा बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ राहतो, ज्याच्या शेंगदाणा मसाल्यात कांदा ओलसर होऊन बसत नाही, त्याच्यासाठी माणसे दोन चौक ओलांडून येतात. गणेश पेठेच्या बाजारातून आलेला बांगडा रव्यात घोळून तव्यावर पडतो. मटणाचे अळणी पाणी आधी वाटीत येते आणि सुके मटण मागाहून, ज्वारीच्या भाकरीबरोबर. शेवटी डाळ-खिचडी, तिच्यावर लसणाची फोडणी. तीन-चार माणसे मनसोक्त बसली तरी बिल शहरातील नामांकित जेवणघरांच्या मानाने बरेच कमी होते, आणि या कमी होण्याचे कारण समजल्याखेरीज पुढचे प्रकरण समजणार नाही.

स्वयंपाकघर इथे स्वतःच्या पायावर उभे नसते. परमिट रूमसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एफएल-३ हा परवाना लागतो. त्याचे वार्षिक शुल्क शहराच्या लोकसंख्येनुसार ठरते आणि पुण्यासारख्या महानगरात ते लाखांच्या घरात जाते. परवान्याचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. म्हणजे शुल्क वर्षाच्या आरंभी आणि वसुली वर्षभर, थेंबाथेंबाने. आचारी, वेटर, मोरीवरचा पोरगा, यांतले बरेचजण बाहेरगावचे, हॉटेलच्याच माळ्यावर किंवा मागच्या खोलीत राहणारे आणि तिथेच जेवणारे असतात. हा सगळा खर्च निघतो तो पेगवरील नफ्यातून. म्हणूनच बांगडा स्वस्त देता येतो, चखणा फुकट देता येतो आणि डाळ-खिचडी घेऊन दोन तास बसलेल्या माणसाला कोणी उठवत नाही. दारूसाठी जेवण ठेवलेले असते असे बाहेरून दिसते; हिशेबाच्या वहीत पाहिले तर दारूच जेवणाला पोसत असते.

ग्राहकाच्या बाजूनेही कायद्याची एक बारीक कडी आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही अस्तित्वात आहे, आणि त्याच्या चौकटीत मद्य पिणाऱ्याकडे स्वतःचा परवाना असावा लागतो: एका दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात, आजन्म हजारात. बीअर आणि वाइनसाठी वयाची अट २१, कडक मद्यासाठी २५. बहुतेकांच्या खिशात असा परवाना नसतो, हे सर्वांना ठाऊक असते. कागदोपत्री अपवाद म्हणून जगणारा हा व्यवसाय आहे, आणि अपवादाने जगणाऱ्याला हक्काची भाषा सहसा सुचत नाही.

निकाल

तमिळनाडू सरकार विरुद्ध के. बालू या प्रकरणातील निकाल रस्त्यावरील मृत्यूंच्या चिंतेतून आला होता, आणि ती चिंता खोटी नव्हती. एकट्या २०१५ साली देशात रस्ते अपघातांत १,४६,१३३ माणसे मेली. महामार्गावर ट्रक थांबवायचा, धाब्याशेजारच्या दुकानातून बाटली घ्यायची आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसायचे, हे चित्र न्यायालयासमोर होते. सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांच्या पीठाने आदेश दिला, की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, महामार्गावरून दिसेल अशी पाटी नको, थेट प्रवेशही नको, आणि चालू परवाने १ एप्रिल २०१७ च्या पुढे जाऊ नयेत.

घाट उतरून येणाऱ्या चारपदरी रस्त्यावर हा आदेश समजण्यासारखा आहे. पुण्यात मात्र महामार्ग आणि बाजारपेठ हे एकच असते. स्वारगेटहून कात्रजकडे जाणारा रस्ता, हडपसरमधून सोलापूरला जाणारा रस्ता, येरवड्यावरून नगरला जाणारा रस्ता, हे सारे एके काळी गावाबाहेरचे होते. शहर वाढले ते त्यांच्याच काठाने. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे मीटर धरले तर एक किलोमीटर रुंदीचा पट्टा होतो, आणि अशा पाच पट्ट्यांमध्ये शाळा, दवाखाने, मंगल कार्यालये, सोसायट्या आणि परमिट रूम असे अर्धे उपनगर मावते. बाह्यवळण झाल्यावर जुन्या रस्त्याचा कागदोपत्री दर्जा काय उरला, तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा की महापालिकेचा, हे प्रश्न आजवर फक्त खड्डे कोणी बुजवायचे यापुरते विचारले जात होते. आता त्यांवर परवाने अवलंबून राहिले.

अंतराचे हे माप कोणाला अडवते, याचा विचार करण्यासारखा आहे. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला ५०० मीटर कापायला अर्धे मिनिट लागते. पायी जाणाऱ्याला सहा-सात मिनिटे. म्हणजे ज्या चालकाला रोखायचे होते त्याच्या वाटेत या पट्ट्याने जवळपास काहीच अडथळा आणला नाही. अडथळा झाला तो चप्पल घालून घराजवळच्या ठिकाणी जाणाऱ्याला. वस्तीतली परमिट रूम म्हणजे जिथे बहुतेक गिऱ्हाईक चालत येते आणि चालत घरी जाते. ती बंद पडल्यावर त्यातल्या काहींनी पिणे सोडले असेल, काहींनी बाटली घरी नेली असेल; पण काहीजण दुचाकी काढून पट्ट्याबाहेरच्या बारला गेले असणार, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. रस्ता-सुरक्षेच्या आदेशाचा हा परिणाम उलटाच म्हणावा लागेल.

एप्रिल ते जुलै

डिसेंबर ते मार्च हा काळ अंदाज बांधण्यात गेला. आदेश फक्त दारूच्या दुकानांना लागू आहे, बसून पिण्याच्या ठिकाणांना नाही, असे मत देशाच्या महान्यायवादींनीच दिले होते आणि अनेक हॉटेलवाले त्यावर विसंबून होते. ३१ मार्च २०१७ रोजी, म्हणजे मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, सरन्यायाधीश जे. एस. खेहर यांच्या नेतृत्वाखालील पीठाने ती आशा संपवली. आदेश बार, हॉटेले आणि रेस्टॉरंट या सर्वांना लागू असल्याचे स्पष्ट झाले. सवलत मिळाली ती वीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावांना, जिथे अंतर २२० मीटर करण्यात आले, आणि सिक्कीम व मेघालय या डोंगराळ राज्यांना. पुण्याच्या कामाची यातली कोणतीच सवलत नव्हती.

१ एप्रिलला शनिवार होता, म्हणजे आठवड्यातला धंद्याचा दिवस. बाटल्यांच्या कपाटाला सील लागले. ब्रँडवार शिल्लक नोंदवहीत चढवून तिच्यावर सह्या झाल्या. संध्याकाळी नेहमीची माणसे आली, तेव्हा ‘साहेब, आज फक्त जेवण’ असे सांगण्याची वेळ वेटरवर आली. काही बसले. बरेच उठून गेले. पहिल्या आठवड्यात मालकांना जे कळून चुकले ते वर मांडलेल्या हिशेबातच होते: त्याच आचाऱ्याचा तोच बांगडा, पण पेगचा आधार गेल्यावर तो त्या दरात परवडत नाही, आणि दर वाढवला तर काळ्या काचेच्या हॉलमध्ये लिंबूपाण्याबरोबर मासे खायला कोणी येत नाही. काहींनी एसी बंद ठेवला, काहींनी दुपारची थाळी वाढवली, ‘फॅमिली’ची पाटी खाली आणून दर्शनी लावली. कामगारांपैकी ज्यांना गावी शेती होती ते लवकर सुटी टाकून गेले. उन्हाळ्यात एरवी मिळाली नसती इतकी लांब सुटी.

हा धक्का एकटा आला नव्हता. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने रोखीवर चालणाऱ्या या धंद्याचे कंबरडे आधीच वाकवले होते. १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर आला, आणि त्याने तर एक अजब गणित घातले. मद्याचा परवाना नसलेल्या बिनवातानुकूलित उपाहारगृहाच्या जेवणावर १२ टक्के कर होता, आणि मद्याचा परवाना असलेल्याच्या जेवणावर १८ टक्के. म्हणजे साध्या हॉलवाल्या एखाद्याला जुलैत परवाना परत मिळाला, तर त्याच्याकडील डाळ-खिचडीवरचा कर त्याच दिवशी सहा टक्क्यांनी वाढणार. मद्य स्वतः मात्र या कराच्या बाहेर, राज्याच्या मूल्यवर्धित कराखालीच राहिले. हा फरक १५ नोव्हेंबर २०१७ पासून मिटला, जेव्हा अशा उपाहारगृहांचा दर सरसकट ५ टक्के झाला.

दरम्यान पळवाटांचा हंगाम चालू होता. केरळात उत्तर परवूर येथील एका बारने आवारात भिंतींचा चक्रव्यूह उभारून चालण्याचे अंतर वाढवले आणि देशभर हशा पिकवला. महाराष्ट्रातली वाट जास्त सरकारी होती: रस्त्याचाच दर्जा बदलायचा. यवतमाळ, लातूर, जळगाव येथे शहरातून जाणारे रस्ते महामार्गाच्या यादीतून काढून स्थानिक संस्थांकडे देण्याचे निर्णय झाले. रस्ता जागचा हलला नाही, त्यावरची वाहतूक कमी झाली नाही, फक्त मालकाचे नाव बदलले. नगरपालिकांना आयता मिळालेला हा रस्ता फुकटचा नव्हता. त्याच्या डांबराचा खर्चही त्यांच्याच गळ्यात पडत होता, आणि दारूच्या दुकानांसाठी आम्ही रस्ते का सांभाळायचे, हा स्थानिकांचा प्रश्न रास्त होता. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात सरकारने केलेली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट हीच. वस्तीतील परमिट रूम आणि महामार्गावरचे दुकान यांत फरक आहे, असे न्यायालयासमोर उघडपणे म्हणता आले असते. त्याऐवजी नकाशावरची रेघ पुसली गेली.

हद्द

अशाच रेघ पुसण्याच्या प्रकाराविरुद्ध चंडीगडमधील अराइव्ह सेफ ही रस्ता-सुरक्षेसाठी झटणारी संस्था न्यायालयात गेली, आणि गंमत अशी, की तिच्याच याचिकेवर शहरांची सुटका झाली. ११ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले, की मूळ आदेशाचा हेतू गावांना आणि शहरांना जोडणाऱ्या महामार्गांवरील मद्यविक्री रोखण्याचा होता. महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीतील परवानाधारकांना तो लागू नाही. पुण्याच्या हद्दीतील परमिट रूमना दार उघडले. सील निघाले, शुल्क भरले गेले, आणि नेहमीची माणसे परत आली. सगळीच नाही. तीन-साडेतीन महिन्यांत माणसाची संध्याकाळ दुसरीकडे रुळते, तशी काहींची रुळली होती.

हद्दीबाहेरच्यांचे काय, हा पुण्यातला खरा चमत्कारिक भाग. जुलैमध्ये आंबेगाव बुद्रुक, धायरी, फुरसुंगी, उरुळी देवाची, लोहगाव ही गावे कागदोपत्री ग्रामपंचायतींची होती. प्रत्यक्षात तिथे सात-सात मजली इमारती उभ्या होत्या, टँकरने पाणी येत होते आणि तिथला कामगार रोज पुण्यात कामाला जात होता. आंबेगाव बुद्रुक तर मुंबई-बंगळूर बाह्यवळणाला चिकटून आहे. तेव्हा जुलैच्या खुलाशानंतर स्थिती अशी झाली, की महापालिकेच्या हद्दीत महामार्गाला खेटून असलेली परमिट रूम चालू शकत होती, आणि हद्दीच्या पलीकडची, तितक्याच दाट वस्तीतली, चालू शकत नव्हती. मग ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावे पुणे महापालिकेत आली. या समावेशाची मागणी वर्षानुवर्षांची होती आणि तिचा संबंध पाणी, रस्ते, कचरा आणि मिळकतकर यांच्याशी होता. परमिट रूम तिच्या गावीही नव्हती. पण निकालाच्या शब्दांनुसार पाहिले तर त्या एका अधिसूचनेने या गावांतल्या महामार्गालगतच्या जागा ‘जोडरस्त्यावरच्या’ होत्या त्या ‘शहरातल्या’ झाल्या.

हद्दीचे हे निकष किती हलते असतात याचा पुरावा पुढेही मिळाला. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे नंतर वेगळ्या नगरपरिषदेसाठी महापालिकेतून बाहेर काढली गेली. नगरपरिषद हीही नागरी संस्थाच असल्याने मद्यपरवान्याच्या दृष्टीने फरक पडला नसावा, पण उद्या एखादे गाव ग्रामपंचायतीकडे परत गेले तर काय, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा दारूच्या नियमांत नसून सीमांकनात शोधावे लागेल. २३ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने उरलेली गाठ थोडी सैल केली: ग्रामपंचायतीचे क्षेत्र पुरेसे विकसित आहे का, नियोजित विकासक्षेत्रात मोडते का, हे ठरवण्याचा अधिकार राज्यांना दिला. तिथे हे प्रकरण न्यायालयापुरते मिटले.

जे कोणी म्हटले नाही

या चौदा महिन्यांतली बाजू मांडणी तपासली तर तीन आवाज ठळक ऐकू येतात. रस्ता-सुरक्षेसाठी लढणाऱ्यांचा, हजारो कोटींच्या महसुलाची काळजी वाहणाऱ्या राज्यांचा, आणि रोजगार जाईल असे सांगणाऱ्या हॉटेल संघटनांचा. तिन्ही आवाजांत परमिट रूम म्हणजे मद्यविक्रीचे एक केंद्र एवढीच होती. तिथे रोज शेकडो ताटे वाढली जातात, एकट्या माणसाला परवडेल असे मांसाहारी जेवण शहराच्या त्या भागात दुसरीकडे मिळत नाही, हे कोणी म्हटले नाही. एखादे जुने इराणी हॉटेल बंद पडणार अशी कुणकुण लागली की पुण्यात आठवणींचे लेख येतात, माणसे शेवटच्या चहासाठी रांग लावतात. एप्रिल २०१७ मध्ये परमिट रूमसाठी तसे कोणी काही लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. गिऱ्हाईक गप्प राहिले, कारण बोलण्याआधी त्याला घरी कबूल करावे लागले असते.

या शांततेला दुसरी, अधिक गंभीर बाजू आहे आणि ती टाळता येणार नाही. वस्तीतला बार बंद व्हावा असे मनापासून वाटणारी माणसे त्याच वस्तीत राहतात. पगाराच्या दिवशी नवऱ्याची वाट पाहणारी बाई, खालच्या मजल्यावरच्या गोंगाटाने झोप न लागणारे म्हातारे जोडपे, काळ्या काचेसमोरून क्लासहून परतताना पावले वेगाने टाकणारी मुलगी, यांच्या तक्रारीपुढे चना कोळीवाड्याचे कौतुक तोकडे पडते. पण त्यांच्यासाठी महाराष्ट्रात आधीच एक मार्ग आहे. ठरावीक प्रमाणात मतदारांनी, महिलांनीही, लेखी मागणी केली की वॉर्डात किंवा गावात मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या असतात आणि ठरलेल्या प्रमाणात मतदारांनी आडवी बाटली निवडली की दुकान बंद होते. राज्यात अनेक गावांनी अशी बाटली आडवी केली आहे. या पद्धतीत अडचणी आहेत. तेवढ्या मतदारांना घराबाहेर काढणे सोपे नाही. तरीही ठिकाण शेजाऱ्यांना हवे की नको, हे शेजाऱ्यांना विचारण्याची ती रीत आहे. २०१७ मध्ये बंद झालेल्या जागांबाबत शेजाऱ्यांना कोणी काही विचारले नाही, आणि उघडतानाही विचारले नाही.

पिऊन गाडी चालवण्याचा प्रश्न तर होता तिथेच राहिला. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सापडला तर चालक दोषी ठरतो. त्यासाठी नाक्यावर श्वासचाचणी यंत्र घेतलेला पोलिस लागतो, आणि तो रात्री दीड वाजता उभा असावा लागतो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडी चालवणारा १७ वर्षांचा असल्याचे आणि त्याआधी तो बारमध्ये मद्य प्यायल्याचे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर पुण्यात बार आणि पबची झडती सुरू झाली: वयाचे पुरावे, बंद करण्याची वेळ, नोंदवह्या. या साऱ्यात महामार्गापासूनचे अंतर हा मुद्दा कुठेही नव्हता.

वस्तीतली परमिट रूम आणि गाड्यांच्या रांगा लागणारा बार यांत फरक करणे अवघड आहे, असे अधिकारी सांगतात. ते पूर्ण पटत नाही. परवान्यासाठी जागेचा नकाशा आधीच सादर करावा लागतो, त्यात स्वयंपाकघर आणि बसण्याची जागा दाखवलेली असते. जेवणाच्या विक्रीचा आकडा कराच्या विवरणपत्रात आणि मद्याच्या विक्रीचा आकडा उत्पादन शुल्काच्या नोंदवहीत वेगवेगळा असतोच. दाराशी किती वाहने उभी राहू शकतात, हे कोणालाही रस्त्यावर उभे राहून मोजता येते. पुढच्या वेळी असा आदेश आला, तर हॉटेल संघटनांनी रोजगाराच्या आकड्यांबरोबर ही तीन कागदपत्रे न्यायालयापुढे ठेवावीत. आणि गिऱ्हाईकांपैकी एखाद्याने, आपल्या नावानिशी, एक प्रतिज्ञापत्र द्यावे: मी इथे जेवतो, आणि चालत घरी जातो.